नावांची येळवस

येळवशीच्या दिवशी सगुणाबाईंच्या बैलगाडीत आंबिलीचा माठ पुढं आणि शेंगा-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं मागं, ही दरसालची रीत. त्या साली मधल्या जागेवर चौदा काळ्या पाट्यांनी हक्क सांगितला आणि घरात सकाळीच ठिणगी पडली. सगुणाबाई म्हणाल्या, पाट्या डोक्यावर घेऊन चला, माझा माठ हलायचा नाही. थोरला दत्तराव म्हणाला, आई, पाटीला इथं केसाएवढा चरा पडला तर थेटरात तो हाताएवढा दिसतो, आणि संक्रांतीला पिक्चर लागायचंय. सगुणाबाईंनी शांतपणे विचारलं की संक्रांत आधी येते की येळवस. माठ जागेवर राहिला आणि पाट्या गोधडीत गुंडाळून कावेरीच्या मांडीवर आल्या. तसंही त्या पाट्यांचं सगळं ओझं पहिल्यापासून तिच्यावरच होतं.

ताडकळसला येळवस काही घरोघर होत नसे. सगुणाबाईंनी ती उदगीरकडच्या माहेराहून आणलेली. मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात जायचं, कडब्याची खोपीसारखी कोप उभी करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचं, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग ऊन कलेपर्यंत जेवायचं. नवरा पंचवीस वर्षं हैदराबाद-मद्रासच्या फेऱ्या मारत होता, पोरं स्टुडिओतल्या रंगीत महालांमध्ये खेळून मोठी झाली, तरी या एका दिवशी जो शेतात येणार नाही तो माझा नव्हे, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळं शूटिंग असो की काही असो, हैदराबादेहून काचीगुड्याच्या गाडीनं सगळे पूर्णेला उतरत आणि एसटीनं ताडकळसला येत.

नवरा म्हणजे अप्पाराव पेंटर. परभणी, पाथरी, पूर्णा या भागात जुन्या दुकानांवरचे बोर्ड अजून त्यांच्या हातचे आहेत, निजामाच्या दिवसांतले उर्दूसुद्धा. पुढं ते हैदराबादला सिनेमाचे मोठे पडदे रंगवायला गेले, तिथून मद्रासला, आणि तेलुगू पिक्चरांचे सेट उभे करता करता कलादिग्दर्शक झाले. तेलुगू पिक्चरमधले निम्मे स्वर्ग आमच्या गावच्या माणसानं रंगवलेत, असं ताडकळसला सांगत. अप्पाराव स्वतः म्हणत, निम्मे कशाचे, चारदोन असतील. थोरल्या दत्तरावानं दिग्दर्शनाचा रस्ता धरला, धाकट्या बन्सीधरानं कॅमेऱ्याचा, आणि दत्तरावाची बायको विमला तर वरंगळच्या नाटकवाल्यांची, ती पिक्चरचे कपडे बघायची. मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळं घरात सगळ्यात अस्सल ताडकळशी तीच बोलायची.

आता दत्तरावाचा स्वतःचा पहिला पिक्चर तयार झाला होता. तेलुगू नाव लांबलचक होतं, पण घरात त्याला सगळे ‘मामाचा पिक्चर’ म्हणत, कारण पैसा सगुणाबाईंच्या भावानं, पाथरीच्या सटवाजीमामांनी लावला होता. हे नाव ऐकलं की दत्तरावाच्या कपाळावर आठी चढायची. पिक्चर मामाचा, मग मी काय हमाल, असं तो विमलेला खाजगीत विचारायचा, आणि विमला ते लगेच सगळ्यांना सांगायची.

पिक्चर पूर्ण होता, फक्त सुरुवातीची नावं राहिली होती. ती काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहायची, एकेक पाटी कॅमेऱ्यापुढं धरायची आणि रीळ मद्रासला पाठवायचं, इतकं सोपं काम. पण लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून सोयरिकी मोडलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना पुढचं सांगायला नको. दसऱ्यापासून घरात तोच एक विषय चालू होता. मामांनी तर आपल्याला पहिली पाटी हवीच, शिवाय आपल्या ‘सरदार’ बैलालाही वेगळी पाटी हवी म्हणून हट्ट धरला, कारण पुराच्या प्रसंगात गाडी ओढून हिरॉइनला त्यानंच वाचवलं होतं. शेवटी अप्पाराव वैतागून म्हणाले की हैदराबादेत हा तंटा मिटायचा नाही, येळवशीला शेतात पांडवांपुढं काय तो फैसला करू, आणि बन्सीनं कॅमेरा तिकडंच आणावा. म्हणून कॅमेरा आला होता, रिळाचा एकशेचाळीस फुटांचा उरलेला तुकडा आला होता, आणि संध्याकाळच्या काचीगुड्याच्या गाडीनं बन्सीनं तो घेऊन परत निघायचं होतं.

आणि कावेरी. अप्पारावांची मधली लेक, दोन्ही भावांच्या मधोमध जन्मलेली. तिला छत्तिसावं लागलं होतं. तिनं लग्न का केलं नाही ती कहाणी वेगळी, इथं उगाळत नाही. हैदराबादेत ती वडिलांसोबत राहायची आणि घरातल्या माणसांपलीकडं एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. सहा वर्षांपूर्वी अप्पारावांचा उजवा हात थरथरायला लागला. सेट त्यांच्या नजरेवर उभे राहत, ते चालून जायचं, पण अक्षर नजरेनं निघत नाही. तेलुगू अक्षर तर सगळं गोलाईचं, ब्रश मध्येच अडखळला की वळणाची माती होते. त्या दिवसापासून पाट्या कावेरीनं लिहिल्या. सहा वर्षांत एकवीस पिक्चर झाले. प्रत्येकात एक पाटी असायची, ‘शीर्षकं – अप्पाराव’, आणि तीही कावेरीच्याच हातची.

तिला स्वतःचं नाव हवं होतं. एकदा, एका पाटीवर, थेटरातल्या अंधारात चार बोटं उंचीचं नाही तर चार हात उंचीचं. दसऱ्याला तिनं अप्पारावांना तसं म्हटलंही. त्यांनी पान लावता लावता ऐकून घेतलं आणि चुन्याची डबी कुठं गेली म्हणून विचारलं. म्हणून तिनं चौदातल्या अकरा पाट्या लिहून तीन कोऱ्या ठेवल्या होत्या. मामांची, बैलाची आणि सातव्या नंबरची, शीर्षकांची. या खेपेला त्या सातव्या पाटीवर आपलं नाव पडल्याशिवाय राहायचं नाही, असं ठरवून ती गाडीत बसली होती.

शेतात पोचल्यावर पुरुषमाणसं कोप उभारायला लागली आणि कावेरी बाभळीखाली पाट्या पसरून बसली. मग एकेकाला तिच्या तब्येतीची फार काळजी वाटायला लागली. आधी विमला पाणी घेऊन आली. ऊन लागायलंय का, असं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली की कपड्यांची पाटी तुम्ही वेगळी लिहिलीय ती तशीच राहू द्या, मेकअपवाल्यासोबत एकत्र नको, वन्सं, तेवढं करा, तुमच्या नावासाठी मी मामय्यांशी भांडते. सासऱ्याला ती मामय्या म्हणायची. ती जाते न जाते तोच बन्सी आला. आक्का, छायाग्रहण संकलनाच्या आधी आलं पाहिजे, जगात तशीच रीत आहे, तू एवढं कर, तुझ्या नावाचं मी बघतो. मग सटवाजीमामा आले. फैसल्याला हजर पाहिजे म्हणून ते सरदारलाही पाथरीहून घेऊन आले होते. त्यांनी तर खिशातून बोरं काढून दिली. शेवटी दत्तराव. त्याला आपली पाटी शेवटची आणि एकटी हवी होती, आणि मामांची पहिली असली तरी फार वेळ दिसू नये अशी इच्छा होती. त्यानंही शब्द दिला. कावेरीनं मनात मोजलं तर चार माणसं तिच्या बाजूची झाली होती. हैदराबादेत तिला कुणी विचारत नसे, आणि इथं बाभळीखाली तिचा दरबार भरला होता. ती खूश झाली. बोरंसुद्धा गोड निघाली.

पूजा झाली, पिकावर आंबील शिंपडून झाली आणि पंगत बसली. सगुणाबाईंनी अप्पारावांची आंबिलीची वाटी नेहमीसारखी अर्धीच भरली. भरलेली वाटी त्यांच्या हातून सांडायची, म्हणून घरात त्यांना सगळं अर्धंच वाढत. तेही वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायचे आणि बाहेरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला काय आवडते आंबील.

भज्जीचा पहिला घास घेऊन दत्तरावानं विषयाला हात घातला. आणि काय आश्चर्य, दसऱ्यापासून न सुटलेलं कोडं खीर वाढायच्या आत सुटलं. मामांना पहिली पाटी मिळाली. सरदारला वेगळी पाटी मिळाली. विमलेची मेकअपवाल्यापासून सुटका झाली, बन्सीचं छायाग्रहण संकलनाच्या वर गेलं, दत्तराव शेवटी आणि एकटा. ज्याला त्याला हवं ते देऊन टाकलं की भांडण उरतंच कशाला? सगळे एकमेकांच्या पानात भज्जी वाढायला लागले. चौदा पाट्या अगदी बरोबर भरल्या होत्या.

“अन् माझं?” कावेरीनं विचारलं.

बन्सीला एकदम तहान लागली. विमला पानातली मिरची शोधायला लागली. मामांनी मिशी पुसली आणि फार मायेनं म्हणाले, “कावेरी, तू घरचीच हायस की. घरच्या मानसाला नावाचं काय?”

“अन् बैल काय परका हाय मग?” सगुणाबाईंनी विचारलं. “मानवतचा?”

मामांनी खिरीत लक्ष घातलं. दत्तराव वाईट माणूस नव्हता, त्याला बोलायला जड जात होतं, पण दिग्दर्शक म्हणून शेवटचा शब्द आपला असावा असं त्याला वाटत असे.

“कावेरी, मी तुला न्हाई म्हनत न्हाई,” तो म्हणाला. “पन इचार कर. आजून चार कंपन्या अप्पांच्या नावावर येतेत. पाटीवर तुझं नाव दिसलं की लोक इचारनार, अप्पाराव का लिवना गेले? हाताला काय झालंय? येकदा हात गेला म्हून कळलं, की सेटची कामं बी जातेत. आपल्या लाईनीत मानूस दमला म्हनायची खोटी, लोक खुर्ची उचलून नेतेत.”

हे खोटं नव्हतं, आणि कावेरीला त्याचाच जास्त राग आला. खोटं असतं तर भांडता आलं असतं. सकाळपासून शब्द देऊन गेलेली चारी माणसं आता एका ओळीत बसून मान डोलवत होती. तिनं वडिलांकडं पाहिलं. त्यांनी रिकामी वाटी अजून दोन्ही हातांत धरली होती.

“अप्पा, तुमी सांगा.”

अप्पारावांनी वाटी हरभऱ्याच्या कडेला पालथी ठेवली. मग म्हणाले, “लिवून टाक. नेहमीसारखं. बन्सीची गाडी जाईल.”

“लिहिते,” कावेरी म्हणाली आणि खीर न खाता उठली.

बाभळीखाली बसून तिनं आधी मामांची पाटी लिहिली, मग बैलाची. राग कितीही असो, तिला वाईट लिहिता येत नव्हतं. सरदारच्या नावाची गोलाई तर इतकी देखणी उतरली की तिचं तिलाच हसू आलं. मग सातवी घेतली. अप्पारावांचं नाव ती झोपेतही लिहू शकली असती, तरी तिनं ते सावकाश, जीव ओतून लिहिलं. ते नाव लिहिताना तिचा राग दरवेळी कमी व्हायचा. या वेळी झाला नाही.

ब्रश धुता धुता तिला परभणीच्या बाजारातली एक दुपार आठवली. ती नऊ वर्षांची, रंगाचा डबा धरून शिडीखाली उभी. अप्पारावांनी एका कापडवाल्याचा मोठा बोर्ड लिहून उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अप्पाराव, ताडकळस’ असं लिहिलं, जसं ते प्रत्येक बोर्डावर लिहीत, जसं सगळेच पेंटर लिहितात. कापडवाला म्हणाला, दुकान माझं, तुझं नाव कशाला, पूस. अप्पारावांनी एक शब्द न बोलता बोर्ड खिळ्यावरून काढला, खांद्यावर टाकला आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. कापडवाला अनवाणी मागं पळत आला. परत बोर्ड लावताना अप्पाराव लेकीला म्हणाले होते, “ध्यानात ठेव. दुकान कुनाचं बी असू दे. ज्याच्या हातात ब्रश, कोपरा त्याचा.”

कावेरीनं खारीच्या केसांचा बारका ब्रश काढला. पहिल्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘कावेरी, ताडकळस’. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. चौदाही पाट्या झाल्या, वडिलांचीसुद्धा, बैलाचीसुद्धा. शेवटच्या पाटीपर्यंत तिला फार बरं वाटायला लागलं.

सगुणाबाई खीर घेऊन आल्या. त्यांना तेलुगूच काय, मराठीही वाचता येत नव्हतं, पण नजर तेज होती.

“ह्या कोपऱ्याकोपऱ्यात मुंग्या कशाच्या बसल्या?”

“नाव हाय.”

“कुनाचं?”

“माझं.”

सगुणाबाईंनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. “मंग जरा मोठं लिवायचं की,” असं म्हणून त्यांनी खिरीची वाटी तिच्या हातात दिली आणि ती संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

तीन वाजता ऊन बन्सीला हवं तसं तिरपं झालं. बैल सोडून गाडी रानात उभी केली, तिच्या मागच्या फळीला पाट्या टेकवायच्या आणि समोर स्टँडवर कॅमेरा, असा बेत होता. पहिली पाटी मामांची. मामा स्वतः फेटा नीट बांधून पाटीच्या बाजूला उभे राहिले. तुमचा फोटो नाही, नाव घ्यायचंय, असं त्यांना दोनदा सांगावं लागलं. बन्सीनं कॅमेऱ्याला डोळा लावला, काढला, रुमालानं काच पुसली, परत लावला.

“दादा,” तो म्हणाला, “जरा बग.”

दत्तरावानं पाहिलं. मग गोधडीवरच्या बाकीच्या पाट्या एकेक करून पाहिल्या. सातवीपाशी तो थांबला.

“कावेरी, हे पुसून टाक.”

“तूच पूस,” कावेरी म्हणाली. “ओलं हाय. फडकं लावलंस की मामांचं नाव बी संगंच येईल.”

मामा पाटीपुढं आडवे झाले. माझ्या पाटीला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. विमलेनंही आपली पाटी हळूच पदराआड घेतली. पुन्हा लिहायला वेळ नव्हता आणि लिहिणारी कोण, तर कावेरीच. क्षणभर सगळ्या घराची दोरी तिच्या हातात होती आणि तिनं ती मनसोक्त ओढून धरली.

मग बन्सी चाचरत म्हणाला की पुसायची काही गरजच नाही. कॅमेरा चार बोटं पुढं घेतला की कोपरा चौकटीच्या बाहेर जातो. मधलं नाव तेवढं दिसेल, सगळं जागच्या जागी.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कावेरीचा मात्र चेहरा उतरला. एवढी वर्षं पिक्चरच्या लाईनीत काढून तिनं विचार केला तो बोर्ड रंगवणाऱ्या बापाच्या लेकीचा. बोर्डाचा कोपरा रस्त्यावरून जाणारं कुणीही वाचतं. पिक्चरमध्ये कोपरा कुठं संपतो ते कॅमेरेवाला ठरवतो. ही गोष्ट तिला ठाऊक होती, आणि नेमकी आजच ती विसरली होती.

“थांबा,” अप्पाराव कोपीतून म्हणाले.

ते काठी टेकत आले. कॅमेऱ्याला डोळा लावला. हात कॅमेऱ्यावर ठेवला तर कॅमेराच खडखडायला लागला, म्हणून त्यांनी हात मागं घेतला आणि पाठीशी धरला. पहिली पाटी पाहिली. दुसरी लावायला सांगितली, तिसरी, मग सातवी. कावेरीला खात्री होती की त्यांना तो कापडवाला आठवणार. आठवायलाच पाहिजे.

“बन्सी,” ते म्हणाले, “कॅमेरा पुढं घे. कोपरा काप.”

कावेरीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. ज्या माणसानं बोर्ड खांद्यावर टाकून रस्ता धरला होता, तो हाच का, असं तिला वाटलं. बन्सी खाली मान घालून स्टँड सरकवायला लागला.

“आता ती सातवी माझ्याकडं दे,” अप्पाराव म्हणाले.

ते ज्वारीच्या पोत्यावर बसले आणि पाटी मांडीवर घेतली. सरळ नाही, पालथी. विमला ओरडली की मामय्या, रंग ओला आहे, धोतर गेलं. त्यांनी ऐकलं नाही. पाटीची मागची बाजू काळी नव्हती, हार्डबोर्डाची तशीच खरबरीत तपकिरी होती. त्यांनी डावा हात पुढं केला. “ब्रश. मोठा दे.”

कावेरीला आत्ता उमगलं. “अप्पा, तुमी सांगा, मी लिहिते.”

“तू कशी लिवशील?” ते म्हणाले. “सोताचं नाव सोता लिवायचं असतंय ते कोपऱ्यात, बारकं. पाटीवरचं नाव दुसऱ्यानं लिवावं लागतंय, बाई. तुझं लिवायला सहा वर्षं कुनी हात लावला न्हाई, मी बी न्हाई. दे इकडं.”

ब्रश उजव्या हातात गेला आणि थरथरायला लागला. पांढऱ्या रंगाचे दोन थेंब धोतरावर पडले. पहिल्याच वळणाला ब्रश दोनदा अडखळला, गोलाईला दात पडले. कावेरीनं न राहवून त्यांचं मनगट धरायला हात पुढं केला, तेव्हा मागून सगुणाबाई म्हणाल्या, “धरू नको. लिवू दे त्येन्ला.”

दोन शब्दांना पाऊण तास लागला. पूर्णेची एसटी त्याच वेळात रस्त्यावरून गेली, तिचा धुरळा सगळ्यांनी पाहिला आणि ती थांबवायला कुणी उठलं नाही. अप्पारावांनी ब्रश खाली ठेवला. ‘शीर्षकं – कावेरी’. प्रत्येक अक्षर थंडीत कुडकुडत होतं.

दत्तरावानं ते वाचलं. “अप्पा,” तो हलकेच म्हणाला, “लिवनारीचं नाव अन् अक्षर असं... लोक इचारतील.”

“इचारू दे. बाकीच्या तेरा पाट्या बगतील, मंग ही बगतील. हात कुनाचा कापतोय अन् कुनाचा न्हाई, ते न सांगता कळंल त्येन्ला.”

“अन् सेटची कामं?”

“सेट मी काय हातानं उभा करतो का?” अप्पाराव म्हणाले. “डोळ्यानं करतो. डोळे हायत आजून. अन् नसली मिळत, तर नसू देत. लेकीच्या हातामागं बसून सहा वर्षं इज्जत खाल्ली, पुरे झाली.”

दत्तरावानं हात आडवा धरून उन्हाचा अंदाज घेतला. मग खाकरून, शूटिंगवर बोलतो त्या आवाजात म्हणाला, “बन्सी, येका पाटीला दहा फूट धरलेत ना? हिला पंधरा दे.”

“रीळ पुरायचं न्हाई, दादा.”

“माझ्या पाटीतले पाच काप.”

विमलेनं नवऱ्याकडं असं पाहिलं की लग्नानंतर तसं तिनं क्वचितच पाहिलं असेल. सटवाजीमामांनाही मोह आवरला नाही, तेही म्हणाले की हवं तर सरदारच्या पाटीतले घ्या, त्याला कुठं वाचता येतंय. पण आपल्या पाटीतले घ्या, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

तेरा पाट्या झाल्या, कोपरे कापून. शेवटी ती सातवी, मधोमध, चारी कोपऱ्यांसकट. बन्सीनं रीळ डब्यात घातलं, डब्याला पट्टी चिकटवली आणि आता पूर्णा कशी गाठायची म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मामांनी तोवर सरदारला घरच्या एका बैलासोबत गाडीला जुंपलंसुद्धा होतं. पुरातून हिरॉइनला काढलेल्या बैलाला काचीगुड्याची गाडी काय अवघड, असं म्हणत त्यांनी कासरा धरला. बन्सी डबा पोटाशी घेऊन चढला, दत्तराव आणि विमलाही निरोप द्यायला म्हणून चढले, आणि माठ खाली उतरवायचं भान सगुणाबाईंनी ऐन वेळी राखलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर अप्पाराव पोत्यावरून उठले. धोतरावर मांडीपाशी त्यांचंच नाव उमटलं होतं, पांढरं, उलटं, अगदी सुबक.

“हे आता धुतलं तरी निघत न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या.

“रंग चांगला वापरती ती,” अप्पाराव म्हणाले. मग पुन्हा बसले आणि लेकीला म्हणाले, “तोंड वाळलंय. आंबील हाय का गं उरली?”

कावेरीनं माठातून वाटी भरली. अर्ध्यावर तिचा हात सवयीनं थांबला. तिनं वडिलांकडं पाहिलं, आणि वाटी काठोकाठ भरून दिली. अप्पारावांनी ती एकाच हातात घेतली. तोंडाशी जाईपर्यंत निम्मी बाहेर आली, बोटांवरून, धोतरावरच्या नावावरून, खाली हरभऱ्यात. कावेरी पदर घेऊन पुढं झाली.

“ऱ्हाऊ दे,” सगुणाबाई म्हणाल्या. “येळवशीला सांडायचीच असती.”